पुढचं बघायचं नाही

मावशीनं सीलिंग मशीनचा दांडा खाली दाबला, श्वास रोखून क्षणभर थांबली आणि दांडा उचलला. प्लास्टिकची कड वितळून सरळ रेघेत चिकटली होती. जास्तीचं प्लास्टिक तिनं कात्रीनं कापलं आणि इस्त्रीची वाफ लांबूनच सगळ्या बाजूंनी फिरवली, तसं सैल पडलेलं वेष्टन आक्रसत जाऊन डबीला घट्ट बसलं. तिनं डबी खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट केली. एक सुरकुती दिसेल तर शपथ. इतक्या निगुतीनं तिनं लग्नातला कोटसुद्धा कधी बांधला नव्हता.

ड्रायक्लीनिंगचं दुकान उघडायला अजून अवकाश होता. मालक यायचे होते, मागे धुलाईचं यंत्र थंड उभं होतं, आणि दांड्यावर कालचे धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत गपगुमान लटकत होते. मावशीनं डबी पर्समध्ये रुमालाखाली दडपली आणि पर्सची चेन लावली. मग उगाच पुन्हा उघडून बघितली. आयुष्यात तिनं कुणाचा रुमालही न विचारता घेतला नव्हता, आणि या वयात ही असली भानगड. तिचं तिलाच हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

डबीत डिस्क होत्या. ‘अंधारघाट’ नावाच्या मालिकेचं शेवटचं पर्व. ती डबी तिच्या नवऱ्याच्या मुलीची होती, न फोडलेली होती, आणि न फोडलेलीच राहायला हवी होती. मावशीनं ती फोडली होती.

नवऱ्याच्या मुलीला घरात ठकी म्हणत. चांगली सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी बाई, पण नाव पडलं ते पडलं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दोन दातांमधली फट बघायची आणि संध्याकाळी मान चोळत घरी यायची. तिची आई जाऊन काही वर्षं झाली होती. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, ती दुरुस्त व्हायला त्यांनी गरजेपेक्षा बरेच जास्त दिवस लावले, आणि गेल्या वर्षी मावशी या घरात आली.

ठकीनं विरोध केला नाही. तीच तर अडचण होती. भांडली असती, आदळआपट केली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी पुढेमागे गट्टी जमते. पण ठकी गोड बोलायची. स्वतःचं ताट स्वतः घासायची, भाजी छान झाली म्हणायची, आणि जेवण झालं की खोलीचं दार लावून घ्यायची. नवीन भाडेकरूशी मालकीण वागते तशी. मावशीनं पडदे बदलायचे का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “तुला आवडतील ते लाव.” त्या वाक्यात काही वावगं नव्हतं, तरी मावशीनं पडदे बदलले नाहीत.

मग एका संध्याकाळी ठकीनं आपल्या खोलीतून डब्यांचा एक गठ्ठा बाहेर आणला. पगाराच्या पैशांतून तिनं एक प्लेअर घेतला होता, त्याला शोभेलसा भिंतभर टीव्ही घेतला होता, आणि लहानपणापासूनची आवडती मालिका नव्या, लख्ख चित्राच्या डिस्कवर घेतली होती. दाराशी उभं राहून, बघायचं तर बघ अशा आवाजात तिनं विचारलं, तुला बसायचंय का. मावशी हातातलं पीठ न धुता येऊन बसली.

“एकच अट आहे,” ठकी म्हणाली. “पुढचं बघायचं नाही. मी सगळं बघितलंय. मला तू बघताना बघायचंय.”

मावशीनं कबूल केलं. कबूल करताना तिला स्वतःचा स्वभाव आठवला नाही असं नाही. गोष्टीत पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की तिच्या पोटात खड्डा पडायचा. कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान. सिनेमाला जायचं तर कुणीतरी बघून आलेला गाठून विचारायचं, सगळी नीट घरी पोचतात ना. नवऱ्यानं लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तिनं आधी हेच विचारलं होतं, की पुढे काय काय होईल असं तुम्हाला वाटतं. तो बिचारा रात्रभर विचार करून उत्तर घेऊन आला होता.

तर पहिल्याच भागाच्या शेवटी राजाचा धाकटा मुलगा विहिरीत पडला आणि टीव्ही काळा झाला. ठकी समाधानानं म्हणाली, उद्या. मावशीला झोप कुठली लागायला. सकाळी नवरा कामावर गेला, ठकी गेली, दुकानाला अजून वेळ होता. नुसतं पोरगं जगलं का एवढं बघायचं आणि बंद करायचं, असं ठरवून तिनं प्लेअर लावला. पोरगं जगलं. पण त्याला ज्यानं बाहेर काढलं त्याचं डोकं घुबडाचं होतं, आणि त्याच्या मनात काय आहे ते कळेना. मावशीनं तो भाग संपवला, मग पुढचाही.

त्यानंतर तिचा दिवस दोनदा उगवायला लागला. सकाळी जे एकटीनं बघितलेलं असायचं, तेच काही दिवसांनी संध्याकाळी पहिल्यांदा बघायचं. ठकी टीव्हीकडे अर्धवट पाठ करून बुटक्या स्टुलावर बसायची, आणि एखादा मोठा प्रसंग जवळ आला की पापणी न हलवता मावशीच्या तोंडाकडे बघायची. मावशी तोंडावर हात न्यायची, “अगं बाई” म्हणायची, एकदा तर तिनं उशी घट्ट कवटाळली. आपल्याला अभिनय जमतो हे तिला या वयात कळलं. ठकीचे बाबा कोचाच्या एका टोकाला बसायचे आणि पहिली तलवार निघायच्या आत घोरायला लागायचे. एवढ्या लढाया झाल्या, नगरं जळाली, त्यांना पत्ता नाही.

चित्र मात्र असं स्वच्छ, की मावशीला राजदरबारापेक्षा राजदरबाराचे कपडेच आधी दिसायचे. राणी शोकात बुडालेली, आणि मावशी म्हणायची, “हिच्या बाहीवरचा डाग तेलाचा आहे, हा नाही जायचा.” सेनापती रणांगणातून तीन दिवसांनी परत येतो, तर त्याच्या अंगरख्यावर इस्त्रीची ताजी घडी. हे ऐकून ठकी पहिल्यांदा खदखदून हसली. तिचा तो आवाज ऐकून बाबासुद्धा जागे झाले आणि काय झालं, कोण मेलं, असं विचारून परत झोपले.

हसण्याच्या पाठोपाठ एकेक गोष्ट निघायला लागली. ठकी नववीत असताना ही मालिका दर आठवड्याला लागायची. घरात तेव्हा छोटा टीव्ही होता, चित्र मुंग्या आल्यासारखं. काळ्या नदीवरचं धुकं आणि टीव्हीची खरखर यांत काही फरकच कळायचा नाही. ती आणि आई एका चादरीत बसून बघायच्या. आईला त्यातली होडीवाली आवडायची. ही होडीवाली म्हणजे एका डोळ्याची, फाटक्या तोंडाची म्हातारी. राजा असो की रखवालदार, होडीत पाय ठेवला की शिव्या खाल्ल्याशिवाय पलीकडचा काठ नाही. होडीवालीचा हात आता पडद्यावर मोठा दिसला, भेगाळलेला, नखांत चिखल गेलेला. ठकीनं चित्र थांबवलं आणि बराच वेळ बघत राहिली. आईला हे काहीच दिसलं नव्हतं, असं म्हणाली. मावशीनं पाय जवळ घेऊन कोचावर जागा केली, आणि ठकी स्टूल सोडून तिथे येऊन टेकली.

मावशी या घरात खऱ्या अर्थानं राहायला आली ती त्या संध्याकाळी. म्हणूनच आता तिला धास्ती होती. आपली चोरी कळली तर ही पोर पुन्हा गोड बोलायला लागेल, ताट घासायला लागेल, दार लावून घेईल. भांडणाची मावशीला भीती नव्हती. त्या गोडव्याची होती.

बाकीची पर्वं संपत आली तेव्हा ठकीनं शेवटची डबी दाखवली. तिच्यावरचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. ते पर्व आई गेल्यावर लागलं होतं. सगळं बघितलंय म्हणणाऱ्या ठकीनं ते कधीच बघितलं नव्हतं. कामावर कुणी विषय काढला तर उठून जायची, एका मैत्रिणीनं शेवट सांगायला तोंड उघडलं तर तिच्याशी महिनाभर अबोला धरला. हे सगळं तिनं डबीकडे बघत सांगितलं आणि डबी परत कपाटात ठेवली.

म्हणजे ही एक डबी दोघींनाही ठाऊक नसणार होती. मावशीला हे पक्कं कळलं होतं, आणि म्हणून काही दिवस ती त्या कपाटाकडे फिरकलीही नाही. पण होडीवालीचं काय होईल? मागच्या पर्वाच्या शेवटी नदी आटत चालली होती आणि म्हातारी खोकत होती. तिचं काही भलतंसलतं झालं, आणि ही पोर शेजारी बसली असताना झालं, तर काय करायचं? निदान आपल्याला आधी माहीत असलेलं बरं. हे आपण स्वतःसाठी नाही, पोरीसाठी करतोय, असं तिनं मनाला बजावलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पोटातला खड्डा होता.

तिनं ब्लेडनं प्लास्टिक कापलं, रोज सकाळी एकेक भाग बघितला, डबी कपाटात इतर डब्यांच्या मागे सरकवून ठेवत राहिली, आणि शेवटचा भाग बघून झाल्यावर दुकानात नेऊन नवीन वेष्टन चढवलं, आणि ठकी घरी यायच्या आत ती परत कपाटात ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी जेवणं लवकर उरकली. बाबांनी कोचावरची आपली बाजू धरली, उशी डोक्याखाली घेतली, आणि आज तरी जागा राहीन असं सांगून डोळे मिटले. ठकीनं कपाटातून डबी आणली. बसली. डबी मांडीवर ठेवून तिनं वेष्टनावरून बोट फिरवलं.

मावशी प्लेअरच्या वायरकडे बघत होती.

ठकीनं डबी दिव्याकडे धरली. मग उभी राहून दिव्याच्या अगदी जवळ नेली. दिवसभर दोन दातांमधली फट बघणारा डोळा तो. मावशीला तिच्या खांद्यावरून दिसलं. प्लास्टिकवर बारीक भोकांची एक रांग होती. धुतलेल्या कपड्यांना आत घाम येऊ नये म्हणून दुकानातल्या प्लास्टिकला ती भोकं असतातच. रोज हातातून इतकी प्लास्टिकं जातात, की तिला ती भोकं दिसायचीच बंद झाली होती.

“डिस्कला हवा लागते का गं?” ठकीनं विचारलं.

मावशीनं पदर सावरला, नसलेली सुरकुती सारखी केली. खोटं बोलायला शब्द जुळवायचे तर सगळे शब्द एकदम येऊन दारात अडकले. शेवटी ती म्हणाली, “मी बघितलं.”

“सगळं?”

“सगळं.”

ठकी खाली बसली. मावशीला वाटलं, आता ती म्हणेल, असू दे मावशी, काही हरकत नाही. ते ऐकायची तिनं मनाची तयारी केली. त्यापेक्षा तिनं डबी डोक्यात घातली असती तरी चाललं असतं.

“मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे,” ठकी म्हणाली. “तलवार बाहेर निघायच्या आधीच तू डोळे मिटायचीस.”

“मग बोलली का नाहीस?”

ठकी वेष्टनाची कड नखानं उचलायला गेली, पण मावशीचं काम पक्कं होतं, कड सुटेना. मग ती डबीकडेच बघत सांगू लागली. हे पर्व तिनं दोनदा हातात घेतलं होतं, दोनदा परत ठेवलं होतं. एकटीनं बघायची छाती होत नव्हती, आणि कुणाबरोबर बघायचं तर दोघंही आंधळ्यासारखे चाचपडत जाणार. मग तिच्या लक्षात आलं, की मावशी पुढचं बघते. बघितल्याशिवाय राहतच नाही. तेव्हा तिनं मुद्दाम ही डबी दाखवली, ही मी बघितली नाही म्हणून मुद्दाम सांगितलं, आणि कपाटाला कुलूप असूनही लावलं नाही.

“मला कुणीतरी आधी जाऊन यायला हवं होतं,” ती म्हणाली.

इतके दिवस मावशीनं जी चोरी म्हणून पोटात ठेवली होती, ती कुणीतरी तिच्यावर सोपवलेलं काम निघालं होतं. तिला एकदम खूप हलकं वाटलं, आणि थोडं रागावावंसंही वाटलं, की आधी सांगितलं असतंस तर भर सकाळी पर्स छातीशी धरून चोरासारखी चालले नसते.

“मरते ना ती?” ठकीनं विचारलं.

“खरंच सांगू?”

“सांग.”

“मरते. चौथ्या भागात.”

ठकीनं मान हलवली. कोचाच्या दुसऱ्या टोकाला बाबांचं घोरणं जरा अडखळलं आणि परत मार्गी लागलं.

“वाईट मरते?”

“छे. होडीत मरते. वल्हं हातात. राजा रडतोय, तर त्याला म्हणते, मेल्या, रडून होडीत पाणी वाढवू नकोस. शेवटपर्यंत शिव्या देत असते.”

ठकी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. “आई म्हणायचीच,” ती म्हणाली. “ही बाई मरेल तेव्हा कुणाला तरी झापत मरेल, म्हणायची.” मग तिनं विचारलं, “आईला आवडलं असतं का गं हे?”

“मला काय माहीत,” मावशी म्हणाली. “मी कुठे त्यांना बघितलंय. मला आवडलं.”

हे उत्तर ठकीला पटलेलं दिसलं. तिनं बाह्यांनी डोळे पुसले. मावशीनं मग राहवेना म्हणून सांगूनच टाकलं, की त्या भागात ती रडेल, भरपूर रडेल, पण त्यानंतर जेवण जाईल. आणि पुढच्या भागांत हसायलाही येतं, घुबडाच्या डोक्याचा तो मंत्री एकदा नदीत पडतो. तेवढा चौथा भाग मात्र शनिवारी संध्याकाळी बघावा. म्हणजे दुसऱ्या दिवशी ठकीला कामावर सुजलेल्या डोळ्यांनी जायला नको.

“तू बघितलास तेव्हा घरात कोण होतं?” ठकीनं विचारलं.

“कोण असणार? तुम्ही दोघं कामावर.”

“म्हणजे तू एकटीच रडलीस.”

“रडले जराशी. मग दुकानाची वेळ झाली.”

ठकी तिच्याकडे बघत राहिली. एवढे दिवस मावशीच्या चेहऱ्यावर ती काय काय शोधत आली होती. आता तिथे नाटक नव्हतं, तर बघण्यासारखंही काही नव्हतं. थकलेल्या बाईचा साधा चेहरा. तरी ती बघत होती.

“मग रविवारी तूही सुट्टी टाक,” ती म्हणाली.

“रविवारी? अगं, रविवारीच तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मालकांना काय सांगू?”

“सांग, मुलीला बरं नाही.”

दुकानात आजवर कुणी विचारलं तर मावशी ‘ह्यांची मुलगी’ असं म्हणत आली होती. त्यातला पहिला शब्द गाळायची तिची हिंमत कधी झाली नव्हती. ठकीनं काही विशेष बोलल्यासारखं केलं नाही. ती दातांनी वेष्टनाची कड तोडण्यात गुंतली होती.

“बरं,” मावशी म्हणाली. “तसंच सांगते.”

मग तिनं ठकीच्या हातातून डबी घेतली, कारण दातांनी तोडायचं प्लास्टिक नव्हतं ते, आणि उठून कात्री आणायला गेली.